मंजुळाचे मणी आणि खंडेनवमीचा फ्रिज

मंजुळा नाखवाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती काचेच्या एका पसरट भांड्यावर वाकून इंजेक्शनच्या सुईतून थेंब थेंब काहीतरी सोडत होती आणि प्रत्येक थेंबाला दम देत होती. "गोल हो. गोल हो मेल्या. शेपटी काढलीस तर बघ!" मी दारात चहाचा कप घेऊन उभी. मी कारखान्याची टायपिस्ट, चहा पोचवणं माझं काम नव्हे. पण नवीन माणूस बघायची हौस कुणाला नसते? मला वाटलं, साहेबांनी या खेपेला वेड्या बाईला नोकरी दिली. पुढं सात-आठ वर्षं आम्ही दोघी रोज एका टेबलावर जेवलो, तिच्या डब्यात सुकट आणि माझ्या डब्यात दहीभात, आणि तिच्याबद्दलचं माझं ते मत मी फारसं बदललं नाही.

मंजुळा आली ती नव्वद साली. कारखाना वागळे इस्टेटमध्ये होता. नाव सांगत नाही. आता तिथं दुसरीच पाटी आहे. खोकल्याचं औषध, जखमेचं मलम आणि अशक्तपणावरचं एक लालभडक टॉनिक, एवढाच आमचा पसारा. मालक चांगदेव चौधरी, मूळचे जळगावकडचे, राहायला नौपाड्यात. माणूस दिलदार, पण घाईचा. आज केळीचं खोड लावलं की उद्या घड मागणारा.

या साहेबांनी एक नवीन औषध काढलं होतं, पोटातल्या जंतूंचं. म्हणजे जंतू मारायचं नव्हे, जंतू पोचवायचं. आपण तापात अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतो. त्या रोगाचे जंतू मारतात ते ठीक, पण आतड्यात मुक्कामाला असलेले भले जंतूही त्यांच्या तावडीत सापडतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं. मग माणूस तापातून उठतो आणि जुलाबानं आडवा होतो. अशा वेळी भले जंतू बाहेरून पाठवले तर आतड्यात पुन्हा वस्ती बसते. दह्यातले जंतू त्यांच्याच भाऊबंदांपैकी. साहेबांनी त्यांची वाळवलेली पूड साध्या कॅप्सूलमध्ये भरून विकायला सुरुवात केली आणि नौपाड्यातल्या एका जुन्या डॉक्टरांकडे मोठ्या हौसेनं नमुने घेऊन गेले.

डॉक्टर म्हणाले, "चौधरी, घशापासून आतड्यापर्यंतच्या वाटेत जठर नावाची एक जागा लागते, ठाऊक आहे ना? तिथल्या आम्लात तुमची पलटण निम्म्या वाटेवर गारद होते. मेलेले जंतू विकू नका. जिवंत पोचवून दाखवा, मग या."

साहेबांना ते लागलं. त्यांनी पेपरात जाहिरात दिली आणि तिच्यावरून मंजुळा आली.

ती ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. वडील दामाजी नाखवा पूर्वी होडी घेऊन खाडीत जायचे. आई मनुबाई बाजारात मासे विकायची. घरात पदवी घेतलेली ही पहिलीच, तीही जंतुशास्त्राची. मनुबाईला मी पुढं ओळखायला लागले. ती टोपलीवरचं फडकं सारखं करत मला सांगायची, "इतकी वर्सं शिकवली, न् पोरगी काय करतं तं किडं पालतं! आमी बोंबील बर्फान ठेवतूं, ही किडं ठेवतं." बोलायची असं, पण गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी 'माजी पोरगी कंपनीन हाय' हे ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे.

मी एकदा विचारलं होतं, "अगं, तुमच्या घरात दही औषधाला नाही, आणि तू नेमकी या दह्याच्या जंतूंच्या मागं कशी लागलीस?"

ती म्हणाली, "बाबांमुळे. मी शाळेत होते तेव्हा त्यांना टायफॉइड झालेला. औषधानं ताप उतरला, पण पोट जे बिघडलं ते बिघडलंच. काही म्हणजे काही पचेना. डॉक्टर म्हणाले, दही खा. आता बाबांना दह्याचा वास आला तरी उलटी येते. आई नाक दाबून भरवायची आणि ते भांडं भिरकावून द्यायचे. होडी वल्हवणारा माणूस, मालनताई, काठी घेऊन चालायला लागला. तेव्हापासून डोक्यात होतं की दह्यातलं जे काय कामाचं आहे ते वास न येता गिळता आलं पाहिजे."

तिची युक्ती ऐकायला सोपी होती. समुद्रातल्या शेवाळापासून एक पूड काढतात, अल्जिनेट म्हणून. (दामाजींना हे कळलं तेव्हा ते म्हणाले होते, "जाल्याला लागलं तं आमी फेकून देतूं, न् तुजा साहेब इकत घेतं?") ती पूड पाण्यात कालवून तिचा चिकट रस्सा करायचा, त्यात जंतू मिसळायचे आणि सुईतून एकेक थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडायचा. पाण्यात पडताच थेंब थिजतो आणि भिजवलेल्या साबुदाण्यासारखा गोल मणी होतो. जंतू आत कोंडले जातात. मग मणी थंडीतच हळूहळू वाळवायचे आणि त्यांच्यावर एक लेप द्यायचा. जठरातल्या आम्लात लेप टिकतो. पुढं आतड्यात आम्ल संपलं की विरघळतो, मणी सुटतो आणि जंतू बाहेर पडतात. आमच्या कारखान्यात 'कॅप्सूल' म्हटलं तर मंजुळाला राग यायचा. ती मणीच म्हणायची, म्हणून सगळेच म्हणायला लागले.

ऐकायला सोपी, करायला महाकठीण. आधी मण्यांना शेपट्या फुटायच्या. शेपट्या गेल्या तर मणी चपटे होऊन बसले. मग एकदा असे झकास गोल आणि टणक झाले की आम्ही पेढे वाटले. आणि ते मणी आम्लात विरघळेनात, तसे आतड्यातल्या रसासारखं पाणी तयार करून त्यात टाकले तरी विरघळेनात. जंतू आत सुखरूप, पण कुणाच्या काय उपयोगाचे? पाहुण्याला घरी पोचवलं आणि तो रिक्षातून उतरायलाच तयार नाही! पेढे मात्र खाऊन झाले होते. 

असं करता करता चार वर्षं गेली. या काळात बेलापूर रोडवरच्या एका मोठ्या कंपनीनं तिला बोलावलं होतं. गेली नाही. "तिथं मला दुसऱ्याचे जंतू मोजायला बसवतील," म्हणाली. मी तिला मूर्ख म्हटलं. घरचे तर त्याहून वाईट काहीतरी म्हणाले असतील.

चौऱ्याण्णवचा पावसाळा संपत आला तेव्हा साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मी तिथंच टाइप करत बसले होते. साहेब म्हणाले, "मंजुळाबाई, मला तुमची मेहनत दिसते. पण हे आता शेवटचं. डॉक्टरांनी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात वेळ दिलीय. त्यांना पटलं तर ते वापरतील आणि त्यांच्या मागं नौपाड्यातले दहा डॉक्टर वापरतील. नाही पटलं तर तुमची खोली मी खोकल्याच्या औषधाला देतो. तुम्ही त्यातली साखर तपासा."

मंजुळा "बरं" म्हणाली आणि बाहेर आली. जेवताना तिनं डबा उघडला नाही.

त्या महिन्यात तिनं जे मणी केले ते खरोखर सुंदर होते. मोहरीएवढे, एकसारखे, फिक्या पिवळ्या रंगाचे. आम्लातून काढून पाहिले तर आतले जंतू जिवंत. आतड्यासारख्या पाण्यात घातले तर मणी मुकाट्यानं सुटत होते. तो सगळा घाणा तिनं तिच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवला. हा फ्रिज म्हणजे कारखान्यातलं नवं नवसाचं पोर. वर्षानुवर्षं ती बर्फाच्या पेटीवर भागवत होती. साहेबांच्या मागं भुणभुण लावून त्या उन्हाळ्यात तिनं तो मिळवला होता. वरच्या कप्प्यात मणी, खालच्या कप्प्यात जुनी उघडी, म्हणजे मण्यांत न कोंडलेली पूड, डॉक्टरांना फरक दाखवायला. नवीन घाणा करायचा म्हटलं तर आता ना माल होता, ना वेळ.

आणि मग खंडेनवमी आली.

आमच्याकडं खंडेनवमीची पूजा देवराम करायचा. देवराम हा कारखान्याचा सगळ्यात जुना माणूस. जुन्नरकडचा, राहायला किसननगरात. मिक्सर चालवायचा, बॉयलर बघायचा आणि कुलपं लावायचा. वर्षातून एकदा मात्र तो आमचा भटजी असे. सकाळपासून यंत्रं पुसायची, हळद-कुंकवाची बोटं ओढायची, झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा. माझ्या टाइपरायटरलाही माळ असे, आणि त्याच्या खाचांमधून कुंकू काढता काढता माझी दिवाळी उजाडे. देवरामचा एक नियम कडक: पूजा झाली की दसरा होईपर्यंत एकाही यंत्राला हात लावायचा नाही. वर्षभर राबणाऱ्याला त्या दिवशी विश्रांती. एकदा साहेबांनी घाईच्या ऑर्डरसाठी मिक्सर लावायला सांगितला होता, तर देवराम मिक्सरच्या पुढं मांडी घालून बसला. साहेबांनी ऑर्डर सोडली.

मंजुळा त्या दिवशी दुपारीच गेली. घरची मंडळी कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला निघाली होती. जाताना तिनं देवरामला बजावलं, "काका, माझ्या खोलीत पूजा करा, पण एकही वस्तू हलवू नका हं."

"न्हाई हलवत, बाई," देवराम म्हणाला, आणि त्यानं शब्द पाळला. एकही वस्तू हलवली नाही.

दसऱ्याची सुटी झाली. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात पोचले तेव्हा मंजुळा आपल्या खोलीच्या दारात उभी होती. फ्रिज नेहमीसारखा घुरघुरत होता. त्याच्या दाराला झेंडूची माळ, कपाळाला कुंकवाचा टिळा. खाली फरशीवर पाण्याचं हे एवढं थारोळं.

मंजुळानं फ्रिजचं दार उघडलं. आतून आंबट, कुबट वास आला.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "हे पाणी कसलं?"

देवराम मागून फडकं घेऊन आला. चेहऱ्यावर समाधान. "पुसतो बाई. बर्फ वितळला आसंल. खंडेनवमीला पिन काढून ठिवली व्हती, आत्ता सकाळी नारळ फोडून लावली. लई राबतंय बिचारं. बाकीची यंत्रं रातच्याला तरी थांबत्यात; ह्याला रात न्हाई का दिस न्हाई. म्हटलं, ह्याला एक दिस नगं का आराम?"

 ऑक्टोबरचा उकाडा, बंद खोली, वर पत्रा. मी मंजुळाकडं बघत राहिले. मला वाटलं आता ही ओरडेल. ओरडायला हवं होतं. मीच ओरडणार होते; तोंड उघडलंही होतं. पण देवरामच्या ध्यानात आलं होतं की काहीतरी भयंकर घडलंय. तो एकदा फ्रिजकडं बघे, एकदा तिच्याकडं.

"बाई," तो म्हणाला, "आत जित्ते व्हते का ते?"

"हो काका."

"मी मारले?"

मंजुळा म्हणाली, "माहीत नाही अजून." खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही. 'नाही हो काका' म्हणायला काय लागत होतं? देवरामनं फडकं घडी घालून खिडकीत ठेवलं आणि तो खाली गेला. दुपारी कळलं, बरं वाटत नाही म्हणून घरी गेलाय. दुसऱ्या दिवशी आलाच नाही. त्याला निवृत्त व्हायला थोडेच महिने राहिले होते.

मंजुळा दाराला आतून कडी लावून कामाला बसली. जंतू जिवंत की मेलेले हे डोळ्यांना दिसत नाही. मणी घ्यायचे, शरीराच्या उबेएवढ्या आम्लाच्या पाण्यात दोन तास ढवळायचे, म्हणजे जठराची वारी झाली. मग आतड्यासारख्या पाण्यात सोडवायचे आणि ते पाणी काचेच्या चपट्या ताटल्यांत, जंतूंच्या खाद्यावर पसरायचं. ताटल्या उबेच्या पेटीत ठेवायच्या आणि वाट बघायची. जिवंत असतील तर वाढतील आणि ठिपके दिसतील. मेले असतील तर ताटली कोरी. यात घाई चालत नाही. दोन दिवस तरी लागतात. खालच्या कप्प्यातल्या उघड्या पुडीचंही तिनं हेच केलं, आणि ताडून बघायला दोन्हींतला थोडा भाग आम्लात न घालताही ताटल्यांवर पसरला.

ते दोन दिवस ती त्या पेटीपाशी खुडूक कोंबडीसारखी बसून होती. साहेब दसऱ्याला दरवर्षी जळगावला जात, ते नेमके डॉक्टरांच्या भेटीच्या दिवशीच परतणार होते. मी तिला म्हटलं, "हे बघ, ताटलीवर ठिपके आले तर फ्रिजचं काही बोलायचं नाही. गप्प राहायचं. नाही आले तर वीज गेली होती म्हणायचं. ठाण्यात वीज जाते यावर कोण अविश्वास दाखवेल? म्हाताऱ्याची नोकरी वाचेल, तुझंही बरं होईल." हा सल्ला मी तिला आजही देईन. माझ्या मते त्यात काही चूक नव्हती.

ती म्हणाली, "आणि डॉक्टरांनी पेशंटला दिलं, मालनताई?"

"म्हणजे?"

"ते आजारी माणसाच्या पोटात जाणार. आत काय झालं ते मला माहीत आहे आणि मी सांगितलं नाही, असं कसं करू?"

मी माझ्या टेबलाकडं परतले. पण देवराम घरी भिंतीकडं तोंड करून पडलाय हे शेजारच्या कामगाराकडून रोज कळत होतं, आणि मला जेवण जात नव्हतं. मंजुळाचं तर विचारायलाच नको.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला हाक मारली. नुसतं "मालनताई". त्या आवाजावरून काही कळेना. मी धावत गेले. तिनं पेटी उघडली होती, पण ताटल्या बाहेर काढल्या नव्हत्या. "मला भीती वाटतेय," ती म्हणाली. "तुम्ही काढा."

मी टायपिस्ट. जन्मात असल्या ताटल्यांना हात लावला नव्हता. पहिली काढली, ती कोरी. काचेसारखी स्वच्छ.  मंजुळानं तिच्यावरची चिठ्ठी वाचली. "ही पुडीची. आम्लातून काढलेली. ही कोरीच यायची होती. पुढची."

पुढची पुडीचीच, आम्लात न घातलेली. तिच्यावर इकडे तिकडे चार-दोन ठिपके. म्हणजे गरमीनं पुडीतले बरेचसे आधीच मेले होते. मंजुळाचा चेहरा उतरला. "मग मणीही गेले," ती पुटपुटली.

मी तिसरी ताटली काढली आणि खिडकीपाशी धरली. सगळ्या ताटलीभर बारीक, पांढरे, खसखशीसारखे ठिपके. एक नाही, दोन नाही, शेकड्यांनी.

"ही कुठली?" मी विचारलं. तिनं ताटलीवरच्या चिठ्ठीकडं बोट दाखवलं. चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: मणी, आम्लातून. जठराची वारी करून आलेले!

चौथ्या ताटलीवर आम्लात न घातलेल्या मण्यांचे ठिपके तर मोजता येऊ नयेत इतके. ज्या कवचानं आम्ल अडवलं त्यानंच उकाड्यातही त्यांना जपलं होतं. मंजुळा स्टुलावर बसली. मग उठली. मग परत बसली. मी तिला मिठी मारली आणि ती ताटली हातातून पडता पडता वाचली. खरं सांगते, पोटच्या पोराचा निकाल लागला तेव्हाही मला इतकं हायसं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी साहेब, मंजुळा आणि मी रिक्षानं नौपाड्यात गेलो. मला नेण्याचं कारण काही नव्हतं, पण मीच बसले रिक्षात आणि उतरायला कुणी सांगितलं नाही. चारी ताटल्या मंजुळाच्या मांडीवरच्या डब्यात. साहेबांना फक्त 'निकाल चांगला आहे' एवढंच माहीत होतं, म्हणून ते खुशीत होते.

डॉक्टरांनी ताटल्या दिव्याखाली धरल्या. बराच वेळ पाहिल्या. "फरक स्वच्छ आहे," ते म्हणाले. मग पुडीची ताटली परत उचलली. "पण ही पूड आम्लात न घालताही इतकी गेलेली कशी? फ्रिजमध्ये ठेवत नाही का तुम्ही?"

मी मंजुळाचा पदर ओढला. तिनं लक्ष दिलं नाही.

"ठेवतो सर," ती म्हणाली. "पण खंडेनवमीला फ्रिज बंद होता. पूजेसाठी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. मणीही त्याच फ्रिजमध्ये होते. मला ठाऊक नव्हतं ते जगले असतील की नाही. म्हणून मी सगळी तपासणी त्यानंतरची आणली आहे, आधीची नाही."

साहेबांच्या तोंडावरचा रंग उडाला. मी जमिनीकडं बघायला लागले. दवाखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं, आणि मला वाटलं, चार वर्षं गेली पाण्यात. हिला खोकल्याच्या औषधातली साखर मुबारक.

डॉक्टर हसायला लागले. आधी हळू, मग चष्मा काढून.

"चौधरी," ते म्हणाले, "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"मला... मलाच आत्ता कळतंय," साहेब म्हणाले.

"अहो, माझ्या निम्म्या पेशंटांच्या घरी फ्रिज नाही. आणि ज्या दुकानात ते औषध घ्यायला जातात तो दुकानदार वीज वाचवायला रात्री फ्रिज बंद करून घरी जातो. मला ठाऊक आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही मला थंडगार फ्रिजमधले मणी दाखवले असते तर मी म्हटलं असतं, छान, आता ते कळव्यातल्या चाळीत जगतील का ते सांगा. ते तुम्ही आज दाखवलंत." मग ते मंजुळाकडं वळले. "थोडे मणी पाठवून द्या. हे मी बाहेर तपासून घेईन. तसंच निघालं तर वापरायला सुरुवात करतो. आणि बाई, हे तुम्ही लपवलं असतंत आणि मला मागून कळलं असतं, तर मी तुमचं तोंड पाहिलं नसतं."

मी जमिनीकडं बघणं चालूच ठेवलं.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. बाहेरच्या तपासणीतही तसंच निघालं. मणी बाजारात आले, ठाण्या-डोंबिवलीत बऱ्यापैकी चालले, मग मोठ्या कंपन्यांची तसलीच औषधं आली आणि आमची मागं पडली. कारखानाही काही वर्षांनी बंद झाला. मंजुळा नंतर कल्याणच्या एका कॉलेजात शिकवायला लागली. मुली तिला घाबरतात असं ऐकते. घाबरू देत.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. दवाखान्यातून बाहेर पडलो तेव्हा साहेब पाच मिनिटं फुटपाथवर नुसते उभे होते. चिडले होते, सुटल्यासारखंही वाटत होतं त्यांना. कुठलं आधी बाहेर काढावं कळत नव्हतं. शेवटी म्हणाले, "देवराम कुठाय?"

"घरी आहे. तीन दिवस उठलेला नाही," मी म्हणाले.

"त्याला सांगा, उद्या कामावर आला नाही तर काढून टाकीन." एवढं बोलून ते घराकडं चालायला लागले.

आम्ही दोघी रिक्षा करून थेट किसननगरला गेलो. देवरामच्या बायकोनं दार उघडलं आणि आम्हाला बघून तिचा चेहरा पडला. तिला वाटलं नोकरी गेल्याचं सांगायला आलोय. खोली एवढीशी. देवराम कोपऱ्यात घोंगडी पांघरून पडला होता, तोंड भिंतीकडं. आमचा आवाज ऐकूनही वळला नाही.

मंजुळा त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. "काका," ती म्हणाली, "उठा. जिवंत आहेत."

देवराम वळला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. इतका म्हातारा तो मला त्यापूर्वी कधी दिसला नव्हता.

"समदे?"

एका शब्दात 'हो' म्हणता आलं असतं. मी मनातल्या मनात तिला विनवत होते, म्हण गं बाई, एकदा तरी म्हण.

"सगळे नाही, काका," मंजुळा म्हणाली. "पुरेसे."

देवराम उठून बसला. त्यानं ते मनात घोळवून पाहिलं, आणि मग त्याचा चेहरा सैल झाला. सगळे म्हटलं असतं तर त्याला ते समजूत काढल्यासारखं वाटलं असतं. हे मात्र त्याला पटलं. "पुरेसे," तो बायकोला म्हणाला, तिला काही कळत नसतानाही, आणि मग जेवायला वाढ म्हणाला. मंजुळा इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली, अगदी हमसून हमसून, आणि रडता रडता हसायला लागली. देवरामच्या बायकोनं काही न विचारता चार ताटं घेतली.